नऊ व्होल्ट

"वाजवून झालं की वायर काढत जा, ताई. लावून ठेवलीत तर बॅटरी आतल्या आत उतरत राहते. अँप बंद असला तरी."

रफीकभाईंनी हे सांगितलं तेव्हा माझी गिटार मिरजेत त्यांच्या दुकानातल्या टेबलावर पालथी पडली होती. पाठीवरचं काळं झाकण काढलेलं, त्याचे सहा स्क्रू चहाच्या बशीत ठेवलेले, पोटातल्या तारा बाहेर. माझ्या मांडीवर पाच महिन्यांची रेवा झोपली होती आणि पंख्याचा वारा तिच्या टाळूवर येतोय का, हे मी दर मिनिटाला हात धरून बघत होते.

"मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, रफीकभाई," मी म्हटलं. "मला काय सांगताय?"

"तुम्हाला नाही हो." ते चष्म्यावरून हसले. "आता ही वाजवणार ना. हिला सांगतोय."

ही म्हणजे स्वप्नाली साळुंखे. टेबलाच्या पलीकडे मोबाइलचा उजेड धरून उभी होती. वय बावीस, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, केस मानेवर कसेबसे गुंडाळलेले. डोळ्यांखाली काळं नावालाही नाही. रोज आठ तास झोपून उठणाऱ्या माणसाचे हात कसे स्थिर असतात, ते मी त्या दिवसांत तिच्याकडे बघून शिकत होते.

आमच्या बँडचं नाव गंज. सात वर्षं मी त्यात गिटार वाजवली. अभिनंदन ड्रम्सवर, आधी मित्र, मग नवरा. आणखी दोघं, एक गायला, एक बेसवर. आम्ही मेटल वाजवायचो, रॉकचाच जड, दणदणीत प्रकार. सांगलीत हे कुणाला सांगितलं की "म्हणजे वरातीत का?" असं विचारायचे. सराव अभिनंदनच्या काकांच्या हळदीच्या गोदामात. घरी आलं की माझ्या गिटारच्या तारा पुसलेलं फडकं पिवळं व्हायचं.

मग रेवा झाली. सिझर. चार किलोची गिटार गळ्यात अडकवून उभं राहायला डॉक्टरांनी बंदी घातली. बंदी उठली तोवर कळलं होतं की रेवा बाटली तोंडात धरत नाही आणि गोदामातली धूळ तिच्या छातीला चालणार नाही. तेवढ्यात स्पर्धा आली. जिंकणाऱ्या बँडला पुण्याच्या महोत्सवात वाजवायला मिळणार होतं. अभिनंदन म्हणाला, "फक्त या एका स्पर्धेपुरती दुसरी कुणीतरी बघूया, त्रिशला. तुझी जागा तुझीच आहे."

मी "चालेल" म्हटलं. पाच महिने मी सगळ्यालाच चालेल म्हणत होते.

स्वप्नालीकडे स्वतःची चांगली गिटार नव्हती. माझी घे, असंही मीच म्हटलं. दोन आठवड्यांत ती मला म्हणाली, "वैनी, राग मानू नका, पण आपण हिचे पिकअप बदलूया का? खालच्या सुरात लावली की लई गुरगुरतीय. प्रत्येक ठोका वेगळा ऐकूच येत न्हाई."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबकाचे ठोकळे. तारेची थरथर पकडून ते अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, पाठवतात. माझे साधे होते. तिला हवे होते ते अॅक्टिव्ह, म्हणजे गिटारच्या पोटात नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी बसते, तिच्यावर ते चालतात. आवाज जाड येतो आणि घरघर नाहीशी होते. जड संगीताला तेच लागतं, हे मला तिच्याआधी सहा वर्षं माहीत होतं. मी ते करून घेतलं नव्हतं, इतकंच.

आणि हो, वैनी. बँडमध्ये सात वर्षांत मला कुणी वहिनी म्हटलं नव्हतं.

"चाचा, एक जोड मी करू?" स्वप्नालीने विचारलं.

"कर की. हात भाजून घेऊ नकोस, नाहीतर हे लोक मला धरतील."

तिने सोल्डरिंगची सळई घेतली, जीभ दातांत धरली आणि वायर जिथे लागते त्या भोकाच्या मागचा जोड केला. रफीकभाईंनी तो नखाने हलवून पाहिला.

"पक्का," ते म्हणाले. "बॅटरी साधीच घातलीय, ताई, इथल्या बाजारात हीच मिळते, आणि हे पिकअप जरा जास्तच खातात. पण नीट वापरली तर स्पर्धा होईपर्यंत बघायला नको."

माझे जुने पिकअप त्यांनी बेदाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. मी ती पिशवी रेवाच्या लंगोटांच्या बॅगेत टाकली.

रविवारी दुपारी आमच्याच हॉलमध्ये स्वप्नालीने नव्या पिकअपची गिटार पहिल्यांदा वाजवून बघितली. हॉस्टेलवर अँप लावता येत नसे, म्हणून गिटार आमच्याकडेच राहायची. गळ्यात घालताना तिने माझा पट्टा दोन भोकं वर घेतला. मग तळहात तारांवर टेकवून एक ठोका मारला, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. घट्ट, कोरडा, कडेला कुठेही न सांडणारा आवाज.

"कडक!" अभिनंदन सोफ्यावरून उठलाच. "अरे कसला कडक!"

त्याचा हा शब्द मला ठाऊक होता. कॉलेजच्या गॅदरिंगला मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा त्याने तो वापरला होता. त्यानंतर मी कधी दुसऱ्या कुणासाठी ऐकला नव्हता.

"वैनी, बघा की, कसला जाड झालाय आवाज! तुम्ही वाजवून बघा ना."

"रेवाला घ्यायचंय," मी म्हटलं. रेवा त्या आवाजातही झोपलेलीच होती.

स्वप्नाली वायर काढून गुंडाळायला लागली. जाता जाता दारात थांबली.

"शनिवारी बाबा येतायत. सेलमहून."

तिचे वडील मूळ विट्याकडचे. तिकडचे पुष्कळ लोक सोनं गाळायचा धंदा करत देशभर पांगलेत. यांचं दुकान तामिळनाडूत, सेलमला.

"तुला ऐकायला?" मी विचारलं.

"ऐकायला म्हणजे... ठरवायला. तिकडं आमच्यातलंच एक स्थळ आलंय. बाबा म्हणाले, तू म्हणतीस तर एकदा बघतो तुझं काय चाललंय ते. बरं वाटलं तर रहा सांगलीत, नोकरी बघ, वाजव. नाहीतर आपलं सामान बांधायचं." ती हसली. "म्हणून तर पिकअपचा हट्ट धरला, वैनी. बाबांना नुसती घरघर ऐकू गेली असती तर संपलंच."

"मग आठवडाभर येणार ना सरावाला?"

"कुठलं! सोमवारपासून तोंडी परीक्षा आणि प्रोजेक्ट. आता थेट शनिवारी हातात घेणार. गाणी पाठच आहेत. तोवर सांभाळा हिला."

"सांभाळते," मी म्हटलं.

सोमवारी दुपारी अभिनंदन कामावर गेला, रेवा झोपली, आणि मी गिटार काढली. पट्टा खाली घेतला नाही, बसूनच वाजवली. आवाज अगदी बारीक ठेवला, तरी पहिल्या ठोक्याला टाक्यांच्या जागी काहीतरी हललं. सहा वर्षं मला जो आवाज हवा होता तो माझ्याच गिटारमधून येत होता, आणि तो दुसरीने आणला होता. बोटं अडखळत होती. जी गत मी बांधली होती ती माझ्याच हातून तीनदा चुकली. चौथ्यांदा जमत होती, तेवढ्यात आतून रेवाचं रडणं आलं. ताप वगैरे नाही ना, म्हणून मी अँप बंद करून, गिटार सोफ्याला टेकवून धावले.

बाकी आठवडा कपडे धुण्यात, पेज शिजवण्यात आणि रेवाचा श्वास मोजण्यात गेला.

शनिवारी विश्रामबागेत एका कॉलेजच्या मैदानावर मांडव होता. आमचा नंबर पाच वाजता. मी रेवाच्या कानात कापूस घालून, वरून टोपी बांधून, मागच्या बाजूला खुर्ची घेतली. शेजारी पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ येऊन बसले. हातात पेढ्यांचा पुडा.

"तुम्ही त्रिशलाताई न्हवं? मी स्वप्नालीचा बाप. पोरगी फोनवर सारखं तुमचंच नाव काढती. वैनींची गिटार, वैनींची गाणी."

"बरं झालं आलात."

"बाळाच्या कानात कापूस घातलाय, ते ब्येस केलं." ते रेवाच्या मुठीशी खेळले. मग जरा वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, मला यातलं काय कळत न्हाई. सोन्याचं कळतं, आगीत घातलं की. तुम्ही शिकलेल्या, यातल्या जाणत्या. खरं सांगा, बरी वाजवतीया का माझी पोर?"

माणूस उत्तराची वाट बघत होता. पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत होता.

"शिकतेय अजून," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि स्टेजकडे बघत राहिले.

स्वप्नाली आली. काळा शर्ट, माझी लाल गिटार. आवाज तपासायला दोन मिनिटं मिळाली. साउंडवाला ओरडला, "गिटार बारीक येतीय, मॅडम!" तिने अँपची बटणं वाढवली. पहिलं गाणं झालं. ती हललीच नाही, फक्त मनगट चाललं होतं, आणि पुढची कॉलेजची पोरं डोकी हलवायला लागली. साळुंखे खुर्चीच्या कडेला सरकले. "एवढा आवाज?" ते म्हणाले. "एवढा आवाज आमच्या स्वप्नालीचा?" त्यांचा चेहरा मी बघितला. बाप असा बघतो तेव्हा पोरीला काहीही मागता येतं.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर, जिथे बाकीचे थांबतात आणि गिटार एकटी चालते, तिथे आवाज चिरकला. जुनं धोतर फाडल्यासारखा. मग आणखी बारीक फाटला. मग काहीच नाही. तिचा हात चालू होता, तारा हलत होत्या, आणि मैदानावर नुसता ड्रम्सचा ठोका.

तिने वायर काढून पुन्हा लावली. दुसरी वायर मागितली. अँपच्या मागे जाऊन आली. अभिनंदन मिनिटभर एकटा वाजवत राहिला, तिला वेळ मिळावा म्हणून. पुढून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, रिचार्ज संपला काय?" सगळं मैदान हसलं. आणखी एकजण, "पप्पांना मिस्ड कॉल द्या!" स्वप्नाली गिटार गळ्यात घेऊन मधोमध उभी. हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. परीक्षकांनी घंटी वाजवली.

मांडवामागे ती सतरंजीच्या गुंडाळीवर बसली होती. मला बघून उठली.

"वैनी, तुमची गिटार माझ्या हातनं बिघडली."

"असू दे गं."

"माझाच जोड सुटला असणार. चाचांना करू द्यायला पाहिजे होता. मला कशाला हौस आली?" ती रडत नव्हती. आपल्या बोटांकडे बघत होती. "सगळ्यांचं वाटोळं केलं मी. तुम्ही एवढ्या विश्वासानं दिली होती."

रेवा माझ्या खांद्यावर होती. मी मोकळा हात स्वप्नालीच्या पाठीवर ठेवला आणि म्हटलं, "होतं असं. पहिलीच वेळ होती तुझी."

साळुंखे लांबच उभे होते. जवळ आले तेव्हा रागावलेले नव्हते. तेच जास्त अवघड होतं. "चल बाळा," ते म्हणाले. "बघितलं न्हवं आपण करून? आता मनात ठेवू नको." पुडा त्यांनी माझ्या हातात दिला. "ताई, घरी न्या. आणलेत तर."

रविवारी सकाळी मी गिटार मांडीवर पालथी घेतली आणि सहा स्क्रू काढले. स्वप्नालीचा जोड नखाने हलवला. हलला नाही. मग मल्टिमीटरच्या दोन्ही काड्या बॅटरीला लावल्या. नऊ लिहिलेल्या बॅटरीत तीन व्होल्ट उरले होते.

मला आश्चर्य वाटलं नाही. आता ते सांगते.

सोमवारी रेवा रडली म्हणून मी धावले आणि वायर गिटारमध्ये तशीच राहिली. इथवर ती चूक होती. दमलेल्या बाईची, कुणाचीही. मंगळवारी सकाळी केर काढताना मला ती दिसली. काळी वायर, सोफ्यापासून अँपपर्यंत. अँप बंद होता, त्यामुळे काही चालू आहे असं दुसऱ्या कुणाला वाटलंच नसतं. मी वाकले. वायर उचलली, खालची फरशी पुसली आणि ती होती तशीच परत ठेवली. बुधवारीही. गुरुवारी तीच वायर ओलांडून रेवाची दुपटी वाळत घातली. मनात हिशेब चालला होता, मी हाच विषय शिकवते, किती तासांत काय उतरतं ते मला पाठ आहे. पण तो हिशेब मी पूर्ण होऊ देत नव्हते. निम्म्यात रेवाकडे जायचे. शुक्रवारी अभिनंदनचा पाय वायरीत अडकला. तो म्हणाला, "ही काढून ठेवू का गं?" मी म्हटलं, "राहू दे, मी बघते." शनिवारी तो गिटार पिशवीत भरायला निघाला, तर मी म्हटलं, "नको, मी भरते." मी वायर उपसली, छान गोल गुंडाळली आणि पिशवीच्या खिशात घातली.

नवी बॅटरी घातली. एक ठोका मारला. काचा थरथरल्या.

अभिनंदन दाढीचा फेस तसाच घेऊन बाहेर आला. "चालू झाली? काय झालं होतं?"

अजूनही वेळ होती. बापलेकींची रेल्वे सोमवारची होती. एक फोन केला असता तर एका बापाला काहीतरी सांगता आलं असतं.

"जोड सुटला होता," मी म्हटलं. "मी केला."

"तरी मला वाटलंच. रफीकभाईंनाच करू द्यायचा होता." त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि तिला फोन लावला, तिच्या मनाला बरं वाटावं म्हणून. मी रेवाला तेल चोळत ऐकत होते. "हां, जोडच होता. अगं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांचं होतं सुरुवातीला. गिटार ठणठणीत आहे, त्रिशलाने केली नीट." मग बराच वेळ तो नुसताच "हं" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "थँक्यू म्हणाली तुला."

ती सोमवारी गेली. दिवाळीनंतर लग्न झालं. पत्रिका आली होती, माझ्या नावाने. चार महिन्यांनी मी गोदामात परत उभी राहिले आणि पुढे तीन वर्षं त्याच पिकअपवर वाजवलं. लोक म्हणायचे, बाळंतपणानंतर तुझा आवाज काय भरलाय.

रेवा आता सहा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात शाळेत तिच्या मैत्रिणीचं चित्र लावलं आणि हिचं नाही लावलं. संध्याकाळी दप्तरात मला त्या मैत्रिणीचा नवा खडू सापडला, दोन तुकडे केलेला. मी रागावायला तोंड उघडलं आणि ते तुकडे मुठीत घेऊन बाहेरच्या खोलीत आले. त्या दिवशी मी अभिनंदनला सगळं सांगितलं. मग त्याने स्वप्नालीचा जुना नंबर लावला. तो बंद आहे. पत्रिकेवरचा दुकानाचा पत्ताही आता बदललाय. विट्याची तिची एक मैत्रीण भेटली, ती म्हणाली, जत्रेला गावी येते, पण कुणात बसत नाही, बोलत नाही, पूर्वीची राहिलीच नाही. सेलमचा पत्ता मात्र तिच्याकडेही नाही.

मी स्वतः शोधत जाईन. पण मला भीती वाटते की मी दारात उभी राहिले तर तीच आधी माझी माफी मागेल.

म्हणून तुम्हाला विचारते. सेलमला सोनं गाळणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं असेल, नात्यात असेल, तर एकदा चौकशी करा. माहेरची साळुंखे, नाव स्वप्नाली, आता अठ्ठावीस वर्षांची असेल. तिच्या घरी जा. 'बरी आहे' असं ती म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. पाणी मागा. पेला पुढे करेल तेव्हा तिच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं बघा. तारा दाबून दाबून तिथली कातडी निबर होते, वाजवणं सुटलं की वर्षभरात मऊ पडते. निबर आहेत की मऊ, एवढं मला कळवा.

मऊ असतील तर तिथेच थोडं बसा, मी येईपर्यंत.